साय यंग २०२५ : स्कीन्सला तीसच्या तीस मतं, हार-जीत मात्र १०-१०

नदीकाठ (पिट्सबर्ग) | १२ नोव्हेंबर २०२५

मंडळी, निकाल आला. नॅशनल लीगचा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) मान, आमच्या पॉल स्कीन्सला! तीस मतदार आणि तिसांनीही त्यालाच पहिलं ठेवलं. २१० पैकी २१० गुण. वय २३, मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉलमधला, दुसराच सीझन.

आमच्या पायरेट्स संघाच्या पिचरला हा मान मिळण्याची ही तिसरीच वेळ. १९६० साली व्हर्न लॉ, १९९० साली डग ड्रेबेक आणि आता हा. मधे पस्तीस वर्षं गेली. संघ २०१५ नंतर प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) गेलेला नाही. तरी लोक ॲलेघेनीवरच्या क्लेमेंटे पुलावरून चालत मैदानात जातात, पोरांना खांद्यावर घेऊन जातात. त्या सगळ्यांसाठी आज मला फार आनंद झालाय.

आकडे इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे चर्चेला सोपं जाईल. ३२ सामन्यांत सुरुवात, १८७⅔ इनिंग (एक सामना नऊ इनिंगचा), २१६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) १.९७. आणि त्याच्या नावावर १० विजय, १० पराभव. संघ ७१-९१, आपल्या गटात शेवटचा.

मेजर लीगच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा, म्हणजे अमेरिकन लीगचा मान डेट्रॉइटच्या तारिक स्कूबलला, सलग दुसऱ्या वर्षी. डेट्रॉइटच्या लोकांनी त्याबद्दल लिहावं. सगळ्यांची मतं वाचायला आवडतील.

मृण्मयी_एस (क्लीव्हलंड)

अभिनंदन पिट्सबर्गकर! स्कूबलने आमच्या संघाला वर्षभर जे छळलं ते आठवून त्याचं अभिनंदन करायला जरा वेळ लागेल. २५ मेचा सामना डोळ्यांसमोर आहे. ९४ चेंडूंत एकट्याने पूर्ण सामना, १३ स्ट्राइकआउट, आणि शेवटचा चेंडू ताशी १०२.६ मैल. नवव्या इनिंगला कुणी असा चेंडू टाकतो का हो?

फिलीकर (फिलाडेल्फिया)

नदीकाठ, अभिनंदन मनापासून. स्कीन्स मला प्रचंड आवडतो. पण आमच्या फिलीजच्या क्रिस्तोफर सांचेसला पहिल्या पसंतीचं एकही मत नाही, हे मला पटलेलं नाही आणि ते इथे सांगतोच.

सांचेस : १३-५, २०२ इनिंग, २१२ स्ट्राइकआउट, ईआरए २.५०. ऑगस्टात झॅक व्हीलर रक्ताच्या गाठीमुळे बाहेर गेला, त्यानंतर आमची अख्खी पिचिंग याच्या डाव्या खांद्यावर उभी होती. गट आम्ही जिंकला. मोठ्या सामन्याला जाताना संघ याच्याकडे बघत होता. पायरेट्सना सप्टेंबरात तसा एकही सामना खेळावा लागला नाही.

आणि आमचं मैदान लहान. इथे उंच गेलेला चेंडू बघता बघता प्रेक्षकांत जातो. पिट्सबर्गला डावीकडून मधे ४१० फुटांपर्यंत कोपरा आत गेलाय, तिथे तोच चेंडू झेल होतो. बेसबॉल-रेफरन्स या साइटच्या 'वॉर'मध्ये, म्हणजे खेळाडूमुळे संघाला किती जास्त विजय मिळाले त्या अंदाजात, सांचेस स्कीन्सच्या पुढे आहे, तो उगाच नाही.

तिसांच्या तिसांनी त्याला दुसरं ठेवलं. बरोबर १२० गुण, प्रत्येकाचे चार. पाच-सहा जणांनी तरी उलट क्रम लावायला हवा होता.

माधवकाका (कोथरूड)

मी बेसबॉल अलीकडेच बघायला लागलो, मुलगी तिकडे असते म्हणून. क्रिकेटमध्ये आयुष्य गेलं. एक गोष्ट समजून घ्यायची आहे. जो दहा सामने जिंकला आणि दहा हरला, तो सर्वांत चांगला कसा? आणि मुळात सामना संघ हरतो. पिचर 'हरला' म्हणजे काय? आपल्याकडे गोलंदाजाच्या नावापुढे बळी असतात, सरासरी असते. पराभव नसतो.

शशांक_पी (न्यू जर्सी)

काका, नियम असा आहे. सुरुवात करणाऱ्या पिचरला विजय मिळायचा तर त्याने किमान पाच इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर पडताना त्याचा संघ पुढे असायला हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत एकदाही जायला नको. समजा त्याने सात इनिंगमध्ये शून्य दिलं आणि त्याच्या संघानेही शून्यच केलं, तर त्याच्या नावावर काहीच नाही. त्याने एक धाव दिली, संघाने शून्य केलं, आणि तसंच संपलं, तर पराभव त्याचा. म्हणजे धावा करणं त्याच्या हातात नाही, नंतर येणाऱ्या पिचरने आघाडी सांभाळणंही त्याच्या हातात नाही. तरी निकाल त्याच्या नावावर चढतो.

ईआरए वेगळा. नऊ इनिंगमागे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर किती धावा दिल्या तो आकडा. फील्डरच्या चुकीने झालेली धाव त्यात धरत नाहीत. स्कीन्सचा १.९७ म्हणजे पूर्ण सामन्याला दोनपेक्षा कमी. ३२ सामने सुरू, १०-१०, म्हणजे उरलेल्या १२ सामन्यांत त्याला ना विजय ना पराभव.

नदीकाठ (पिट्सबर्ग)

काकांसाठी एकच सामना सांगतो, आणि तो फिलीकरांच्याच मैदानावरचा आहे. १८ मे. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, तीन हिट, एक धाव, नऊ स्ट्राइकआउट. कारकिर्दीतला त्याचा पहिला पूर्ण सामना (यजमान पुढे असल्याने नववी इनिंग त्याला टाकावी लागली नाही). आम्ही १-० हरलो. कागदावर तो 'पराभव' आहे.

यंदा पायरेट्सचे सीझनभरातले होम रन (षटकारासारखे सीमेपार फटके) ११७. सगळ्या तीस संघांत सर्वांत कमी. त्या फलंदाजीच्या जोरावर कुणी १३-५ कसं व्हायचं?

फिलीकर (फिलाडेल्फिया)

त्या दिवशी मी मैदानात होतो. आमचे लोकसुद्धा तो ड्रेसिंग रूमकडे जाताना टाळ्या वाजवत होते. विजय-पराभवावर माझा वाद नाहीच, ते मोजमाप मीही सोडलंय. माझा मुद्दा इनिंगचा आहे. जास्त काम कुणी केलं?

वरदा_के (शिकागो)

फिलीकर, मग तो हिशोब करूनच बघूया, कागद-पेन्सिलीचा आहे.

स्कीन्सच्या १८७⅔ इनिंग आणि १.९७, म्हणजे त्याने दिलेल्या धावा ४१. सांचेसच्या २०२ इनिंग आणि २.५०, म्हणजे ५६. सांचेसने १४⅓ इनिंग जास्त टाकल्या, आणि धावा १५ जास्त दिल्या. ही फरकाची १४⅓ इनिंग वेगळी काढली तर त्यांचा ईआरए नऊच्या वर जातो. तसली पिचिंग कुठलाही संघ ट्रिपल-ए या खालच्या लीगमधून कुणालाही बोलावून मिळवू शकतो. जास्त इनिंगचं मोल मला मान्य आहे, पण या दोघांमध्ये तो फरक इतका लहान आहे की त्याने पारडं फिरत नाही.

२०२१ वेगळं होतं. मिलवॉकी ब्रुअर्सचा कॉर्बिन बर्न्स १६७ इनिंग, व्हीलर २१३⅓. सेहेचाळीस इनिंगचा फरक! दोघांना पहिल्या पसंतीची बारा-बारा मतं, आणि शेवटी बर्न्स १५१, व्हीलर १४१. त्या वर्षी मी व्हीलरच्या बाजूने होते आणि अजूनही आहे. मिलवॉकी इथून दीड तासावर, शेजारी सगळे ब्रुअर्सवाले, त्यांच्याशी भांडले होते.

फिलीकर (फिलाडेल्फिया)

वरदाताई, २०२१ ची आठवण काढलीत म्हणून आभार. ती जखम आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. व्हीलर २०२१ ला दुसरा, २०२४ ला पुन्हा दुसरा, आणि आता सांचेस दुसरा. शेवटचा साय यंग रॉय हॅलेडे, २०१०. इथल्या माणसाला राग येतो तो या सगळ्याचा मिळून येतो.

तुमचा ४१ आणि ५६ चा हिशोब मान्य. पण त्यात मैदानही धरा आणि पाठीमागची फील्डिंगही धरा. सांचेस जमिनीवरून चेंडू काढणारा पिचर आहे, त्याच्या चेंजअपवर (फसव्या संथ चेंडूवर) फलंदाज चेंडू खालीच मारतो. म्हणजे त्याला पाठच्या चौघांवर जास्त अवलंबून राहावं लागतं.

अद्वैत_मा (सिॲटल)

या विषयावर माझं गाव २०१० पासून बोलतंय, म्हणून लिहितो. फेलिक्स हर्नांडेझ. १३-१२, ईआरए २.२७, आणि संघ ६१-१०१. त्या वर्षी त्याला साय यंग मिळाला तेव्हा जुन्या पत्रकारांनी केवढा गदारोळ केला होता! एकवीस विजयांचा सीसी सबाथिया असताना तेरा विजयांचा माणूस कसा? त्या एका निकालाने दार उघडलं. मग २०१८ ला जेकब डीग्रॉम, १०-९ आणि १.७०, तिसांपैकी एकोणतीस मतं. आता स्कीन्स १०-१०, तीसच्या तीस. सुरुवात करणारा पिचर विजय पराभवांहून जास्त नसताना साय यंग होतो, हे पहिल्यांदाच घडलं. त्याआधी २००३ चा एरिक गॅन्ये २-३ होता, पण तो शेवटच्या इनिंगला येणारा क्लोजर. पंचावन्न संधी आणि पंचावन्न सेव्ह (शेवटपर्यंत राखलेल्या आघाड्या).

दार उघडायला उशीर झाला याचं वाईटही वाटतं. १९८७ चा नोलन रायन आठवा. लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए, सर्वांत जास्त स्ट्राइकआउट, आणि हार-जीत ८-१६. आजच्या मतदारांनी त्या वर्षी काय केलं असतं!

माधवकाका (कोथरूड)

आता उलगडलं. अद्वैत, शशांक, दोघांचेही आभार.

हे वाचताना मला बापू नाडकर्णी आठवले. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. सलग एकवीस षटकं निर्धाव. धावफलकात बळींच्या रकान्यात शून्य आहे. पण तो शून्य बघून कुणी मराठी माणूस म्हणेल का की बापूंनी त्या दिवशी काही केलं नाही? एक रकाना गोलंदाजाबद्दल सगळं सांगत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तुमच्या लोकांना ते पटायला २०१० उजाडलं याचं आश्चर्य वाटतं.

शशांक_पी (न्यू जर्सी)

काका, फार सुंदर उदाहरण. पण इथे लोक मूर्ख होते असं नाही. एके काळी 'विजय' या आकड्याला खरंच अर्थ होता. त्यासाठी फिलीकरांच्याच गावचा एक सीझन बघावा लागेल.

१९७२, स्टीव्ह कार्लटन, फिलीज. ईआरए किती? १.९७. स्कीन्सचा जितका, तितकाच, दशांशापर्यंत. संघ कसा? पायरेट्सपेक्षाही वाईट, ५९-९७. आणि कार्लटनची हार-जीत? २७-१०. संघाच्या एकोणसाठपैकी सत्तावीस विजय एकट्याच्या नावावर.

तेवढाच ईआरए, तसाच हरणारा संघ, मग एकाला २७ आणि दुसऱ्याला १० का? उत्तर इनिंगमध्ये आहे. कार्लटनने ४१ सामने सुरू केले आणि त्यातले ३० स्वतः संपवले. ३४६⅓ इनिंग. सामन्यामागे साधारण साडेआठ. म्हणजे सामना सुरू त्याने केला, संपवलाही त्याने. संघाने नवव्या इनिंगला एक धाव केली तरी तो मैदानावरच असायचा आणि विजय त्याचाच व्हायचा. स्कीन्स सामन्यामागे सहा इनिंगही टाकत नाही, आणि यात त्याचा दोष नाही. आजचा प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकायचा असतो, कोपर सांभाळायचं असतं, तिसऱ्यांदा समोर येणारा फलंदाज जास्त मारतो हे सगळ्या संघांना आकड्यांवरून कळलंय. साठ टक्के सामना त्याचा, उरलेला दुसऱ्या कुणाचा. मग पूर्ण सामन्याचा निकाल त्याच्या नावावर कसा लावायचा?

माझं म्हणणं इतकंच की मोजमाप बदललं ते कामच बदललं म्हणून. ज्याच्या नावाने हा मान आहे त्या साय यंगचे विजय ५११. १९५५ साली तो गेला, पुढच्याच वर्षी हा मान सुरू झाला, आणि पहिला मानकरी डॉन न्यूकोम्ब २७-७ होता. त्या माणसांचं काम त्या आकड्यात मावत होतं. स्कीन्सचं मावत नाही.

नदीकाठ (पिट्सबर्ग)

शशांक, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. कार्लटनचे २७ विजय सगळ्यांना पाठ असतात, १.९७ कुणाच्या लक्षात नसतं.

फिलीकर (फिलाडेल्फिया)

कार्लटनबद्दल एवढं प्रेमाने लिहिलंत, आनंद वाटला. पण तुमच्याच मांडणीतून माझा मुद्दा पुन्हा उभा राहतो. सगळ्यांच्या इनिंग कमी झाल्यात, म्हणूनच आज २०० पार करणारा दुर्मीळ झालाय. त्या दुर्मिळतेला वजन हवं. सांचेस साडेसहा-सात इनिंगपर्यंत जातो तेव्हा बुलपेनला (मागून येणाऱ्या पिचरना) विश्रांती मिळते, आणि ती दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात दिसते. ते वरदाताईंच्या ४१-५६ मध्ये येत नाही.

वरदा_के (शिकागो)

येत नाही, खरं आहे. तेवढ्यासाठी मी पाच-सहा मतं मान्य करीन. तीस नाही.

दीपाली_ट्रॉय (मिशिगन)

सगळे नॅशनल लीगवरच! आमच्या तारिकबद्दल लिहिते.

सलग दोन साय यंग. अमेरिकन लीगमध्ये हे याआधी पेड्रो मार्टिनेझने केलं होतं, १९९९ आणि २०००. पंचवीस वर्षांत मधे कुणाला जमलं नाही. यंदा १३-६, २.२१, १९५⅓ इनिंग, २४१ स्ट्राइकआउट आणि फक्त ३३ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकट दिलेला बेस). शेवटचा आकडा परत वाचा. एवढा वेग आणि एवढा ताबा एका हातात फार क्वचित येतो.

हा नवीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत नवव्या फेरीत निवडलेला मुलगा. सिॲटल युनिव्हर्सिटी, कॉलेजात असतानाच कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन. त्याच्यावर कुणी मोठा पैसा लावला नव्हता. आमच्याकडे मंडळाच्या कार्यक्रमाला जमतो तेव्हा मुलं कोपऱ्यात फोनवर त्याचा सामना लावून बसतात, आणि त्यांचे आईवडीलही हळूच तिकडे सरकतात.

ऑक्टोबर मात्र अजून दुखतोय. सिॲटलला पाचवा सामना, त्याने सहा इनिंगमध्ये तेरा जणांना बाद केलं, त्यातले सात ओळीने, आणि एकच धाव दिली. आम्ही पंधराव्या इनिंगला ३-२ हरलो. १०-१० ची चर्चा वाचताना मला तोच सामना आठवत होता.

अद्वैत_मा (सिॲटल)

दीपालीताई, तो सामना मी इकडच्या बाजूने बघितला. सात जण ओळीने गेले तेव्हा आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. तो बाहेर गेला तेव्हा कुठे सगळ्यांना वाटलं की आता संधी आहे. पिचरला यापेक्षा मोठी पावती नाही.

निखिल_बॉस्टन

आमच्या रेड सॉक्सच्या गॅरेट क्रोशेला पहिल्या पसंतीची चार मतं मिळाली, तेवढ्यावर मी समाधानी आहे. १८-५, २०५⅓ इनिंग, २५५ स्ट्राइकआउट; इनिंग आणि स्ट्राइकआउट दोन्हींत लीगमध्ये पहिला. फिलीकरांच्या न्यायाने बघितलं तर तो सांचेसपेक्षाही जास्त हक्कदार. पण २.२१ आणि २.५९ मधला फरक मोठा आहे, आणि स्कूबलला बघताना शंका उरत नाही. पेड्रोचं नाव आमच्या गावात सहजासहजी कुणाच्या शेजारी बसवत नाहीत. स्कूबलच्या शेजारी बसवलं तर मला चालेल.

अनघा_टोरांटो

एक प्रश्न सगळे टाळताय! नॅशनल लीगच्या यादीत डॉजर्सचा यामामोतो तिसरा?

आम्ही टोरांटोवाले १ नोव्हेंबरच्या रात्रीतून अजून बाहेर आलेलो नाही. १९९३ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिजला (अंतिम मालिकेला) पोचलो आणि सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला ५-४ हरलो. त्या माणसाने दुसरा सामना पूर्ण टाकला, सहाव्यात सहा इनिंग टाकल्या, आणि दुसऱ्याच रात्री परत येऊन पावणेतीन इनिंगच्या आसपास टाकून सामना संपवला. तीन विजय. माझं हृदय त्याने मोडलं, तरी सांगते की यंदा मी त्याच्याहून मोठा पिचर पाहिला नाही.

शशांक_पी (न्यू जर्सी)

अनघाताई, मतं नियमित सीझन संपला की लगेच, प्लेऑफ सुरू होण्याआधी द्यावी लागतात. प्रत्येक गावचे दोन पत्रकार, म्हणजे एका लीगला तीस. प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची, गुण ७, ४, ३, २, १. यामामोतोने ऑक्टोबरात जे केलं ते मतदारांना तेव्हा दिसलेलंच नव्हतं. त्यासाठी वर्ल्ड सीरिजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) वेगळा आहे, आणि तो त्याला मिळाला.

अनघा_टोरांटो

हे ठाऊक नव्हतं, धन्यवाद. मग ठीक. प्लेऑफला न गेलेल्या संघाच्या मुलावर अन्याय व्हायचा नाही, या दृष्टीने नियम चांगला आहे.

विदर्भकन्या (नागपूर)

पिट्सबर्ग म्हटलं की मला वेगळीच गोष्ट आठवते. २००८ च्या नोव्हेंबरात याच पायरेट्सनी रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. एका स्पर्धेतून निवडलेली मुलं, आयुष्यात बेसबॉल हातात घेतलेला नव्हता. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळालेले ते पहिले भारतीय. मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही, रिंकू नंतर कुस्तीच्या रिंगणात गेला. पण मी तेव्हा शाळेत भालाफेक करायचे, आणि आमच्या सरांनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती. तेव्हापासून पायरेट्सचा निकाल बघते. आज मनापासून आनंद झाला.

नदीकाठ (पिट्सबर्ग)

विदर्भकन्या, किती छान! इथल्या जुन्या लोकांना ती दोघं अजून आठवतात.

स्कीन्सचीही वाट सरळ नव्हती. तो आधी एअर फोर्स अकॅडमीत होता, कॅचर म्हणूनही खेळायचा. मग लुइझियाना स्टेटला गेला आणि २०२३ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर आला. मे २०२४ मध्ये पहिला सामना, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित, आणि पुढच्याच वर्षी साय यंग. असं ओळीने याआधी फक्त ड्वाइट गुडनने केलंय, १९८४ आणि १९८५.

त्याचा 'स्प्लिंकर' कधी कॅमेऱ्यात मागून बघा. फास्टबॉलसारखाच निघतो, त्याच वेगाच्या जवळपास येतो, आणि प्लेटपाशी खाली बसतो. फलंदाजाची बॅट वरून जाते. साडेसहा फुटांचा माणूस तो टाकतो तेव्हा हात जणू प्रेक्षकांतून येतोय असं वाटतं.

निखिल_बॉस्टन

यंदा त्याचा पगार किती होता ठाऊक आहे का कुणाला?

वरदा_के (शिकागो)

८ लाख ७५ हजार डॉलर. पहिली तीन वर्षं पगार संघाच्या हातात असतो. नवीन करारामुळे अशा तरुण खेळाडूंसाठी बक्षिसांचा निधी आहे, त्यातून साय यंगचे २५ लाख मिळतात. म्हणजे या एका मानाने त्याला पगाराच्या जवळपास तिप्पट मिळतील. क्रोशेने त्याच्या संघाशी १७ कोटींचा करार केलाय, त्याच्याशी तुलना करा.

नदीकाठ (पिट्सबर्ग)

हाच माझ्या मनातला खरा विषय आहे, आता लिहूनच टाकतो.

नवोदितचा मान मिळाल्याने त्याचं २०२४ पूर्ण वर्ष धरलं गेलं. त्या हिशोबाने तो २०२९ च्या सीझननंतर मोकळा होतो, हव्या त्या संघात जाऊ शकतो. म्हणजे चार सीझन आमच्या हातात आहेत. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला लोक 'संघ विका' म्हणून ओरडत होते, वर विमान तोच फलक घेऊन फिरत होतं. मी ओरडणाऱ्यांतला नाही, पण त्यांचं दुःख माझंही आहे. जुलैत डेव्हिड बेडनार दुसऱ्या संघाला दिला गेला, इथल्याच भागात वाढलेला मुलगा, घरच्या लोकांसमोर सामने संपवणारा. प्रत्येक वेळी सांगतात, पुढच्यासाठी. ते पुढचं आता आलंय. वय २३, ईआरए १.९७. याहून चांगली वेळ कुठली येणार?

पिचिंग आहे. स्कीन्समागे तरुण पिचर तयार होतायत. हवेत ते फलंदाज. या हिवाळ्यात निदान दोन खरे फटकेबाज आणा, पैसे मोजा. १-० ने हरलेले सामने २-१ ने जिंकायला फार मोठा चमत्कार लागत नाही.

दीपाली_ट्रॉय (मिशिगन)

नदीकाठ, तुमच्याकडे चार सीझन तरी आहेत. तारिक २०२६ च्या सीझननंतर मोकळा होतोय, आणि इथे रोज त्याला विकण्याच्या बातम्या. दोन साय यंग जिंकलेल्या माणसाला कोण विकतं? माझा थोरला त्याचा २९ नंबरचा शर्ट धुवायलाही देत नाही.

फिलीकर (फिलाडेल्फिया)

नदीकाठ, सांचेसबद्दलचं माझं मत जिथे होतं तिथेच आहे. पण तुमच्या शेवटच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत.

आमचा फटकेबाज काइल श्वार्बरचा करार या २०२५ च्या सीझनला संपला. तुमच्या अख्ख्या संघाचे ११७ होम रन, त्याच्या एकट्याचे ५६. तो आमच्याकडेच राहावा असं मला वाटतं, आणि राहील बहुतेक. तरी तुमच्या मालकांनी त्याच्यापुढे खरा आकडा ठेवला अशी बातमी आली, तर मला आनंद होईल.